दुसरी चकती

शनिवार, ९ मार्च १९९६. सकाळचं काम – तांब्याच्या पातळ पत्र्यातून पाच चकत्या कापणे, तीन फोडून पाहणे, चौथी बसवणे, पाचवी राखून ठेवणे. माझ्या जुन्या वहीत त्या तारखेखाली एवढंच आहे. त्या दिवशी मी खरं काय केलं ते वहीत नाही. कुठेच नाही. नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, ज्या बाईबरोबर मी पंचवीस वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्ला तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. का? मला माहीत नाही, आणि ते शोधत बसायची माझी पद्धत नाही.

मी बंगलोरला अणुऊर्जा अभियांत्रिकीत पीएच.डी. करत होते. हे ऐकलं की लोक जरा मागे सरकतात. आमच्याकडे युरेनियमचा कणसुद्धा नव्हता. विद्यापीठाच्या मागच्या आवारात पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यात दोन मजले उंच नळांचं एक वेटोळं. आम्ही त्याला लूप म्हणायचो. अणुभट्टीत इंधनाच्या कांड्यांभोवती पाणी फिरतं, उष्णता घेऊन जातं. तेच आम्ही लहान प्रमाणात करायचो – कांडीच्या जागी पोलादी नळी, आणि तिला तापवायला विजेचा जबरदस्त प्रवाह. प्रवाह थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि बघायचं, कोणत्या क्षणी नळीला चिकटलेलं पाणी उडून जातं आणि नळी कोरडी पडून लाल होते. तो क्षण पकडला की एक रीडिंग मिळालं. अशा रीडिंगांवर पीएच.डी. मिळते.

पाण्यावरचा दाब चाळीस ते पंचेचाळीस किलो असे – एका चौरस सेंटिमीटरवर. असलं पाणी कधी सुटलंच, तर ते आपण ठरवलेल्या जागेवरून सुटावं म्हणून लूपच्या माथ्यावर, बोल्टने जोडलेल्या दोन कड्यांच्या, म्हणजे फ्लँजांच्या मध्ये, ही तांब्याची चकती. दाब पन्नासला गेला की ती फाटायची. बंदूक उडाल्यासारखा आवाज, छताबाहेरच्या नळातून वाफेचा लोट, आवारातली कुत्री पळत सुटायची – आणि आत उभ्या असलेल्या माणसाला काहीही व्हायचं नाही. तयार चकत्या परदेशातून यायच्या, यायला वर्ष लागायचं. म्हणून आम्ही त्या शेडमध्येच कापायचो. एकाने बसवायची, दुसऱ्याने वर चढून बघायची, आणि रजिस्टरात दोघांनी सही करायची. नियम चांगला होता.

पण तांबं तापलं की नरम पडतं. थंड असताना पन्नासला फाटणारी चकती तापल्यावर चव्वेचाळीसलाच फाटायची, आणि मला रीडिंग हवं होतं पंचेचाळीसचं. त्या फेब्रुवारीत माझ्या सात चकत्या गेल्या. एक गेली की दोन दिवस गेले – लूप थंड करा, रिकामा करा, पाणी बदला, त्यातली हवा काढा. आमचा तंत्रज्ञ नंजप्पा आनेकलहून रोज बसने यायचा. त्याने त्या फाटक्या चकत्या तारेत ओवून भिंतीला टांगल्या होत्या. आमच्या सरांनी एकदा त्या तारेकडे बघितलं आणि म्हणाले, “हा हार गळ्यात घालून पदवीदान समारंभाला जा. पदवी नाही मिळाली तरी फोटो चांगला येईल.” मग माझ्या डोक्याच्या दिशेने लाकडी डस्टर भिरकावला. ते सगळ्यांवरच भिरकवायचे. कपाळाला टेंगूळ आलं, मी डस्टर उचलून टेबलावर ठेवला. माझी फेलोशिप जूनला संपत होती. वरच्या दाबाची रीडिंगं नसतील तर प्रबंधाचं नाव काढू नकोस, असं त्यांनी त्याच दिवशी बजावलं.

जाड पत्रा मागवायला तीन महिने लागले असते. म्हणून त्या शनिवारी मी एकीवर एक अशा दोन पातळ चकत्या बसवल्या.

बस, एवढंच. बोल्ट आवळायला दहा मिनिटं लागली. दोन चकत्या म्हणजे थंड असताना शंभर किलो, तापल्यावर नव्वद धरा. लूपला मध्यभागी आत बघायला जाड काचेची खिडकी होती, ती सत्तरपर्यंत टिकणारी. नव्वद आणि सत्तर. हा हिशेब मी कागदावर केला नाही. मनात केला. केलाच नाही असं म्हणता आलं असतं तर हे लिहिण्यात काही अर्थ उरला नसता.

सही करणारी दुसरी व्यक्ती म्हणजे मल्लप्पाअण्णा. निपाणीकडचे. तिकडच्या एका कॉलेजात शिकवायचे, तीन वर्षांच्या रजेवर आमच्याकडे पीएच.डी.ला आलेले. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही एकाच वाक्यात. मी आधी सोलापूरला शिकवलेलं, म्हणून ते मला बाई म्हणायचे. शेडमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, त्यामुळे सरांबद्दल हवं ते त्यांच्यासमोरच बोलता यायचं. सर मुदपाकखान्यातल्या मांजरासारखे चालतात, असं अण्णा सरांच्या देखत म्हणाले होते आणि सरांनी मान डोलावली होती.

मी रजिस्टर घेऊन गेले तेव्हा ते दारात बसून भाकरी खात होते.

“सही हवी.”

“वर चढून बघायचं असतंय की, बाई.”

“मग जेवण झाल्यावर चढा. मी तोवर थांबते.”

ते हसले. “तुमी बसवलासा म्हणजे बसलंय. द्या हिकडं.” डाव्या हाताने सही केली. उजवा पिठल्याचा होता.

त्यांनी वर चढून बघितलं असतं तरी काही दिसलं नसतं. चकत्या दोन्ही फ्लँजांच्या आत होत्या. पण मी थांबते म्हटलं तेव्हा ते चढणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी तसं म्हटलं.

सोमवारी, अकरा तारखेला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला मला पंचेचाळीसचं रीडिंग मिळालं. लगेच दुसरं. तिसऱ्याच्या तयारीत असताना दिवे मंद झाले – बंगलोरमध्ये तेव्हा दिवसातून चार वेळा व्हायचे – आणि पाणी फिरवणारा पंप बंद पडला. नळी तापवणारी वीज वेगळ्या लाइनवर होती. ती चालूच राहिली. वीज आपोआप तोडणारा रिले दुरुस्तीला गेलेला. त्याच्या जागी अण्णा बसायचे. ती वीज तोडायचं लाल बटण शेडच्या पलीकडच्या भिंतीवर होतं, आणि तिथे जायला काचेच्या खिडकीसमोरून जावं लागे.

काच फुटली तेव्हा ते बरोबर तिच्यासमोर होते.

लोक म्हणतात, सगळं एका क्षणात घडलं. मला तसं आठवत नाही. मला क्रम आठवतो. आधी काच त्यांच्या तोंडात गेली. मग पाणी – ते बाहेर येताच वाफ होतं, पण वाफ होण्याआधी पाणी असतं – उजव्या बाजूला, कानापासून कमरेपर्यंत. ते मागच्या लोखंडी टेबलावर आपटले, टेबल सरकलं. शेड पांढरी झाली, काही दिसेना, फक्त लूप ओरडत होता आणि त्यात एक माणूस ओरडत होता. वाफ जरा विरली तेव्हा ते गुडघ्यांवर होते. उजव्या हाताने चेहरा पुसायचा प्रयत्न करत होते, आणि जे पुसलं जात होतं ते पाणी नव्हतं. हाताची कातडी मनगटापाशी गोळा होऊन लोंबत होती. उजव्या डोळ्याच्या जागी काचेचा तुकडा होता, उभा. नंजप्पाने त्यांना मागून कवळा घालून ओढलं, तेव्हा त्याच्या छातीला त्यांच्या गळ्याची कातडी चिकटली.

बटण मी दाबलं. तेव्हा. नंतर.

सगळे त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेले. मी मागे राहिले. लूप सुरक्षित करते, असं सांगितलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण असली कामं मीच करायची. शेडचं दार आतून लावलं, शिडी चढले, आणि फ्लँज तापलेला असतानाच बोल्ट सोडले. डाव्या तळहाताची कातडी लोखंडाला चिकटून राहिली. आतल्या दोन चकत्या वाट्यांसारख्या फुगून एकमेकींना घट्ट बसल्या होत्या. एकीलाही चीर नव्हती. त्या मी हातोडीने सपाट केल्या आणि भंगाराच्या डब्यात टाकल्या, तिथे तसे शेकडो तुकडे होते. मग भिंतीवरच्या तारेतून एक फाटकी चकती काढली, पुसली, फ्लँजमध्ये बसवली, बोल्ट आवळले. हात धुतले आणि दार उघडलं. पाऊण तास लागला असेल.

भाजलेल्या तळहाताबद्दल मला शाबासकी मिळाली. झडप बंद करताना भाजलं असणार, असं सगळ्यांनीच धरलं. मी तसं म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

चौकशीला तीन जण आले. चकती बघितली – फाटलेली. म्हणजे तिने आपलं काम केलं होतं. मग काच का फुटली? काच मुळातच तडकलेली असणार. का तडकली? बसवताना बोल्ट जास्त आवळले. कुणी आवळले? नंजप्पाने. हा माझा बेत नव्हता, एवढं खरं. पण चकती बदलली की दोष कुठेतरी जाऊन बसणारच, हे एखाद्या इंजिनिअरला कळत नसेल का? मला विचारलं, काच बसवताना तुम्ही हजर होता? होते. त्याने पाना कसा लावला? मी म्हटलं, तो नेहमी जोर जरा जास्त लावतो. हे खरं होतं. तो झाकणंसुद्धा तशीच लावायचा.

तीन आठवड्यांनी अण्णांचे थोरले भाऊ गावाहून आले. शेतकरी माणूस नव्हे, ट्रकच्या गॅरेजचा मालक, हात पायांएवढे जाड. काच कुणी आवळली हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नंजप्पा शेडच्या बाहेर नळ कापत बसला होता. भाऊंनी त्याच्याच पुढ्यातला नळाचा तुकडा उचलला, हातभर लांब, आणि पहिला घाव खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी दहा पावलांवरून ऐकला. दुसरा गुडघ्यावर. तो पडला, हात वर करून म्हणत राहिला, “नानल्ला अण्णा, नानल्ला” – मी नाही, मी नाही. तिसरा तोंडावर. मग नळ टाकून ते पायांनी तुडवू लागले, शिस्तीत, न बोलता, जसं कुणी माती चोपतं. दात सिमेंटवर पडले होते. सर वरच्या खिडकीत उभे होते. दोन विद्यार्थी सायकली धरून उभे होते.

आणि मी दारात होते. त्या आवारात एकच व्यक्ती अशी होती जिला नक्की माहीत होतं की तो माणूस खरं बोलतो आहे. मी ओरडले, थांबवा. वॉचमनला हाक मारली. बाकी जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. तो बोलेनासा झाल्यावर वॉचमन आला.

नंजप्पाला नंतर हॉस्टेलच्या पंपावर टाकलं. चालताना त्याचा पाय बाहेर पडायचा. अण्णांचा डोळा गेला, उजव्या हाताची तीन बोटं मिटेनात, रजा संपली, प्रबंध राहिला. पीएच.डी. नाही म्हणून कॉलेजात बढती नाही. माझा प्रबंध पुढच्या वर्षी मान्य झाला. त्यात पंचेचाळीस किलोची रीडिंगं दोन आहेत. दोन्ही त्या दुपारची. पुढे कुणीतरी ती आपल्या लेखात वापरली. ती बरोबर आहेत.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही इथे थांबता आलं असतं. चकती बसवली, चकती बदलली, गरीब माणसाला मार खाऊ दिला – एका कबुलीला एवढं पुरे नाही का? गेली कित्येक वर्षं मी स्वतःलासुद्धा इथपर्यंतच सांगत आले.

पंप बंद पडल्यापासून काच फुटेपर्यंत दहा-अकरा सेकंद होती. मी दाब दाखवणाऱ्या गेजसमोर होते, दाराजवळ. अण्णा खुर्चीत. पंपाचा आवाज थांबला तसे ते उठले. सावकाश. हातात चहाचा ग्लास होता, तो त्यांनी खाली ठेवला, सांडू नये म्हणून नीट. धावले नाहीत. का धावतील? वर चकती होती. फार तर मोठा आवाज होणार, दोन दिवस वाया जाणार. “स्वल्प थांबा बाई, तोडतो,” असंच काहीतरी म्हणाले. गेज अठ्ठेचाळीस. पन्नास. त्यांनी चालता चालता एकदा वर बघितलं – आता फुटेल म्हणून – आणि पुढे निघाले. पंचावन्न.

मला फक्त ‘खाली बसा’ म्हणायचं होतं. किंवा नुसतं ‘अण्णा’. ते थांबले असते. पण का, असं विचारलं असतं. लूपसमोर कधी न घाबरणारी बाई आज का ओरडली – नंतर कुणीतरी विचारलंच असतं, आणि मग फ्लँज उघडावा लागला असता. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. पण ठरलं. साठ झाले तेव्हा मी उठले आणि दाराबाहेर, विटांच्या भिंतीआड गेले. पाठ भिंतीला टेकवली. कानांवर हात ठेवले. त्यांची पावलं मला ऐकू येत नव्हती, कारण मी कान झाकले होते. आधी काच, मग पाणी हा क्रम मी बघितलेला नाही, तो नंतर त्यांच्या जखमांवरून जुळवलेला आहे.

चकती फुटणार नाही हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि त्याचा उपयोग मी एकाच माणसासाठी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी हॉस्पिटलात गेले. भाजलेल्यांच्या वॉर्डात कोपऱ्यातला पलंग. चेहऱ्यावर पट्ट्या, एक डोळा उघडा, सुजलेला. बायको गावाहून अजून पोचली नव्हती. मी आल्याचं त्यांना कळलं. ओठ हलत नव्हते, शब्द घशातून येत होते.

“बाई. तुमचा हात.”

“काही नाही. थोडं भाजलं.”

मग म्हणाले, “मी एकच आवाज ऐकलो.”

मी उजव्या हाताने चादरीचं टोक सरळ केलं.

“काचेचाच. चकतीचा नाही ऐकलो. खरं चकती तर आधी जायला पाहिजे होती की. तुमी भाहेर होतासा. तुमी ऐकलासा?”

त्या उघड्या डोळ्याने ते माझ्याकडे बघत होते. संशयाने नाही. आपल्याच कानांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता आणि माझा चालणार होता.

“ऐकला,” मी म्हटलं. “आधी चकती गेली. मग काच. तुम्ही शुद्धीत नव्हता.”

“असंल,” ते म्हणाले.

मग नर्स ट्रॉली घेऊन आली, कालच्या पट्ट्या बदलायला. छातीवरची पट्टी वाळून चिकटली होती. वॉर्डबॉय दुसऱ्या पलंगावर अडकला होता, म्हणून तिने मला त्यांचा डावा हात आणि खांदा दाबून धरायला सांगितलं, हलू देऊ नका म्हणाली. मी पर्स खाली ठेवली आणि पलंगावर गुडघा टेकून दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिने पट्टीचं टोक पकडून ओढलं. त्यांनी मला हाक मारली, दोन वेळा. ती संपवेपर्यंत मी त्यांना धरून ठेवलं.